घशात काहीच अडकलं नव्हतं

मी मूळची इंदापूर तालुक्यातली. जनावरांची डॉक्टर झाले आणि चार ठिकाणी बदल्या होऊन शेवटी शेजारच्याच बारामती तालुक्यात आले, सांगवीच्या बाजूच्या एका गावात. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, पुढे लिंबाचं झाड आणि झाडाखाली जनावर उभं करायचा लोखंडी खोडा. मी कुलूप उघडायला जायची तेव्हा खोड्याजवळ कुणी ना कुणी गाय धरून उभंच असायचं.

तिथं येणारे आजार हळूहळू माझ्या अंगवळणी पडले. पावसाळ्याच्या तोंडावर घटसर्पाच्या आणि फऱ्याच्या लसी. ऊन तापलं की गोचीड ताप. गाय रवंथ सोडते आणि डोळ्यांच्या आतली कड पांढरीफटक पडते. ऊसतोड सुरू झाली की उसाच्या शेंड्याचं हिरवं वाढं खाऊन खाऊन पोटं फुगलेल्या गायी. कासेला दगडी झाली की बहुतेक वेळा बायकाच येत, कारण धार काढणारा हात त्यांचा आणि सडातली गाठ आधी त्या हातालाच कळायची. व्यायलेली दुधाळ गाय कॅल्शियम कमी पडून थंडगार होऊन बसली, मान पोटाकडे वळवली, की घरात रडारड व्हायची. शिरेतून औषध दिलं की तीच गाय थोड्या वेळानं उठून उभी राहायची आणि लोक माझ्याकडे असं बघायचे की मलाच संकोच वाटायचा. लम्पीच्या साथीत मात्र तसं कुणी बघितलं नाही. अंगभर गाठी आलेली वासरं डोळ्यांदेखत गेली. तरीही ताप उतरवायला, जखमा धुवायला, माश्या वारायला काहीतरी हातात होतं. एक आजार असा आहे की त्यात डॉक्टरच्या हातात तेवढंही राहत नाही. त्याचीच ही आठवण आहे.

त्या दिवशी दुपारी फोन आला तो चाचींचा. सगळं गाव त्यांना चाची म्हणायचं, म्हणून मीही म्हणायची. त्यांच्या मालकांचं पंक्चरचं दुकान होतं. ते गेल्यावर दुकान मुलानं चालवायला घेतलं आणि चाचींनी दावणीला एक गाय आणली. त्या एका गाईवर त्यांचा जीव होता. ती आठवड्यापूर्वीच व्याली होती, कालवड झाली होती. वार पडायला वेळ लागला म्हणून मी तेव्हा जाऊन आले होते आणि निघताना चाचींनी मलाही चिकाची बाटली दिली होती.

"मॅडम, गाईच्या घशात कायतरी आडाकलंय," चाची म्हणाल्या. "सकाळपास्नं पाणी ओढंना. तोंडातनं नुसती लाळ गळतीया. कणीस गिळलं असंल. मी हात घालून बघितला, पर घावंना."

उसाच्या आणि मक्याच्या गावात हे काही नवं नाही. कणीस, उसाचं कांडं, एकदा तर अख्खा बटाटा मी गाईच्या घशातून काढला होता. मी तोंड उघडं ठेवायची कडी आणि लांब हातमोजे घेऊन निघाले.

गोठा घराच्या मागे, आबांच्या बांधाला लागून. आबा म्हणजे शेजारचे ऊसवाले, सत्तरी ओलांडलेले. चाचींना ते भाभी म्हणत. बायको वारल्यापासून एकटेच राहत. मुलगा माळेगावला कारखान्यात. गोठ्याशी आबा आणि चाची दोघं उभे होते. चाचींचा उजवा हात कोपरापर्यंत ओला होता.

गाय खाली बसली नव्हती. ताठ उभी होती, शेपटी थोडी वर, कान सारखे हलत होते. मी पुढं होणार एवढ्यात तिनं मान लांब केली आणि हंबरली.

तो आवाज मी त्याआधी दोनदाच ऐकला होता. घोगरा, फाटका, मधेच तुटणारा. जणू हंबरायला सुरुवात केल्यावर गळ्यानं साथ सोडली. मी होते तिथंच थांबले आणि म्हणाले, "आबा, मागं सरका. चाची, तुम्हीपण. तिच्याजवळ जाऊ नका."

"का? काय झालं?"

मी लांबूनच बघत राहिले. गव्हाणीत हिरवा घास तसाच पडला होता. पाण्याची बादली बघून गाईनं तोंड बुडवलं, गळा हलवला आणि पाणी होतं तसं परत खाली आलं. तहान होती. गिळता येत नव्हतं. मागच्या पायांत किंचित झोल होता. शेण टाकायला ती सारखी कुंथत होती आणि पडत काही नव्हतं. वाऱ्यानं पत्रा वाजला तशी ती दचकली आणि खुंट्याला धडक दिली.

"चाची, गेल्या दोन-तीन महिन्यांत हिला कुत्रं चावलं होतं का?"

"न्हाय. माजी गाय कुठं जातीया? हितंच आसती."

मी पुन्हा विचारलं. चाची पुन्हा नाही म्हणाल्या. मग मी आबांकडे बघितलं. ते खाली बघत होते.

"तोडीच्या टायमाला," आबा म्हणाले. "माज्या फडात. भाभी वाढं न्यायला आल्या व्हत्या, गाय बांधावर बांधली व्हती. भाभी मोळी टाकायला घरला गेल्या आन् फडातनं एक कुत्रं आलं. गाईच्या नाकाडाला झोंबलं. मी काठीनं हाणलं त्येला. उलीसं रगात आलं व्हतं, माती लावली. मला वाटलं, यवढ्याला काय सांगायचं."

चाची आबांकडे नुसत्या बघत राहिल्या.

मग मला सांगावंच लागलं. घशात काहीच अडकलेलं नाही. हा पिसाळण्याचा आजार आहे. एकदा लक्षणं दिसली की जगात कुठंही औषध नाही. गाय दोन-चार दिवसांत जाईल आणि तोवर तिच्या लाळेत विष आहे.

चाचींनी आपल्या ओल्या हाताकडे बघितलं. वाढं तोडून तोडून त्या हाताला कापल्याच्या बारीक रेघा होत्या, सगळ्याच ऊसवाल्या बायांच्या हाताला असतात तशा. बोटाजवळची एक रेघ ताजी होती.

मी त्यांना नळाखाली नेलं. साबण मागवला आणि हात धुवायला लावला. बराच वेळ, पुन्हा पुन्हा, वाहत्या पाण्याखाली. त्या धूत होत्या. मधेच म्हणाल्या, "म्हंजे मी हात घातला तवा ती मला चावत न्हवती. तिला गिळता येत न्हवतं म्हनून माज्या हाताला दात लागत व्हते."

"हो."

"गरीब हाय ती. कधी शिंग लावलं न्हाय कुणाला."

मुलानं दुकान बंद केलं आणि त्यांना मोटरसायकलवर बारामतीला सरकारी दवाखान्यात नेलं. जखमेभोवती द्यायचं वेगळं इंजेक्शन आणि दंडात लस, दोन्ही त्याच दिवशी झालं. वार काढताना मी मोजे घातले होते, आणि लस मी शिकत असतानाच घेतलेली होती. तरी त्या दवाखान्यात जाऊन मीही पुन्हा टोचून घेतलं. कालवडीला आईपासून तोडून वेगळ्या खोपीत बांधलं आणि तिलाही लस सुरू केली. ती सारखी ओरडत होती. पलीकडून आईचा तो फाटका आवाज यायचा.

खरा प्रश्न पुढचा होता. व्यायल्यावर चाचींनी चीक वाटला होता. आमच्याकडे गाय व्याली की पहिला चीक घरात ठेवत नाहीत, गल्लीत देतात, आणि ज्याच्या-त्याच्या घरी खरवस होतो. शिवाय दूध चार-सहा घरी रतीबाला जात होतं. शिजवलेल्या चिकाला, उकळलेल्या दुधाला भ्यायचं कारण नाही. पण कुणी कच्चं प्यायलं असेल, कुणी गाईच्या तोंडाशी हात नेला असेल, तर त्यांना शोधून लस द्यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चाचींना म्हणाले, "ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगू या. सगळ्यांना एकदम कळेल."

चाची बाजेवर बसल्या होत्या. हाताला पट्टी होती. म्हणाल्या, "भोंग्यावरनं सांगितलं तर लोक भित्याल, आन् ज्यानं त्यानं आपलंच कायतरी धरून बसायचं. चीक मी माज्या हातानं दिलाय. सांगायलाबी मीच जाते."

"लोक काहीबाही बोलतील."

"बोलू द्या. तुमी फक्त संगं चला. मला आजाराचं नीट सांगता यायचं न्हाय."

आम्ही निघालो. त्या गल्लीतून मी कितीदा गेले असेन, पण त्या सकाळी ती फार लांब वाटली. प्रत्येक दारात चाची उंबऱ्याच्या बाहेर उभ्या राहायच्या. आत या म्हटलं तरी जायच्या नाहीत. पहिलं वाक्य त्याच बोलायच्या, "माजी गाय पिसाळलीया." त्यानंतर मी. खरवस शिजवून खाल्ला ना? मग घाबरू नका. कच्चं दूध कुणी प्यायलं का? गाईला हातानं चारा, गूळ भरवला का?

एका घरात नुकतीच बाळंत झालेली मुलगी माहेरी आली होती. तिनं खरवस खाल्ला होता. ऐकल्याबरोबर बाळाला छातीशी धरून ती थरथरायला लागली. तिला समजवायला मला तिथं पायरीवर बसावं लागलं. चाची बाहेरच उन्हात उभ्या होत्या आणि पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या. एका घरातल्या बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि आमच्या तोंडावर दार लावलं. पुढच्या दारात एक गडी बाहेर आला आणि सरळ म्हणाला, "मंग आता तुमच्या घरचं काय घ्यायचं का न्हाय आमी?"

चाची म्हणाल्या, "नका घेऊ. पर तुमची धाकटी रोज माज्या गाईला भाकरीचा तुकडा चारती, मी बघितलंय. तिला आजच्या आज सुई टोचून आना."

आत जाऊन त्यानं मुलीला हाक मारली, तिचे दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले, आणि पायात चपला घातल्या.

अशी दहाबारा माणसं निघाली. गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी सगळ्यांना गोळा केलं आणि एका टेम्पोतून बारामतीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. एकच माणूस गेला नाही. आबा.

आबांना धारोष्ण दूध लागायचं. रोज सकाळी चाचींचा मुलगा फेसाळता तांब्या त्यांच्या ओट्यावर ठेवायचा आणि आबा तो तसाच तोंडाला लावायचे. पहिले काही दिवस चीक निघाला, त्यानंतरचं दूध त्यांनी उकळल्याशिवायच घेतलं होतं. त्यात कुत्र्याला हाकलताना त्याची लाळ लागली नाही, असंही कुणी छातीठोक सांगू शकत नव्हतं. मी त्यांच्याकडे दोनदा गेले. पहिल्यांदा म्हणाले, "आमी जन्मभर धारोष्ण पितोय, काय हुतंय?" दुसऱ्यांदा खाली मान घालून अडकित्त्यानं सुपारी कातरत राहिले. कातरलेली सुपारी तोंडात टाकत मात्र नव्हते.

मी हे चाचींना सांगितलं. चाची उठल्या आणि आबांच्या ओट्यावर जाऊन बसल्या. मी अंगणात उभी राहिले.

"आबा, टेम्पो गेला. तुमी का गेला न्हाईत?"

आबा म्हणाले, "भाभी, तवाच सांगितलं असतं तर डॉक्टरबाईनं लस दिली असती. गाय जगली असती. तुमचा हात बी... हे समदं माज्यामुळं झालंय. मला कशाला सुई? जे व्हायचं ते मला हू द्या."

चाची रडल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. त्या इतक्या हळू बोलल्या की मला पुढं सरकून ऐकावं लागलं.

"आबा, कुत्रं तुमी न्हाय आणलं. तुमी काठी घेऊन माज्या गाईपुढं हुबं ऱ्हायलात. तुमी नसता तर तवाच तिला फाडली असती. पर दूध मी दिलंय तुमाला. रोज. माज्या घरच्या तांब्यातनं. उद्या तुमाला काय झालं तर मी ह्या गल्लीत कशी ऱ्हाऊ? गाय तर जातीया. त्येच्यावर हे आनी नका मला दिऊ."

आबांनी अडकित्ता खाली ठेवला. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. आत गेले, पैरण बदलून, डोक्याला फेटा गुंडाळून बाहेर आले आणि मला म्हणाले, "चला बाई. तुमची गाडी हाय न्हवं?"

दवाखान्यातल्या सिस्टरनं दंड मोकळा करायला सांगितला तेव्हा आबा लहान मुलासारखं तोंड फिरवून बसले.

गाय अजून उभी होती. आदल्या दिवशीच मी तिला लांब दोरानं दोन बाजूंनी बांधून घेतलं होतं आणि गुंगीचं इंजेक्शन दिलं होतं. तिचा त्रास थोडा कमी व्हावा, एवढंच. चाची गोठ्यापासून अंतरावर एक पाट टाकून बसायच्या. जवळ जायचं नाही, हे त्यांनी पाळलं. पण तिथून त्या गाईशी बोलायच्या. घरात त्या मुलाशी त्यांच्या भाषेत बोलत, गाईशी मात्र मराठीत. "बस आता. बस गं खाली. लई हुबी ऱ्हायलीस." एकदा मला म्हणाल्या, "मॅडम, तोंडात पाणी तरी सोडू का? लांबनं, नळीनं?"

"उतरणार नाही, चाची. ठसका लागून जास्तच त्रास होईल."

"तहानंलं जनावर समोर आन् पानी द्यायचं न्हाय. असं कधी केलं न्हाय मी."

मी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले. संध्याकाळी गाईचे मागचे पाय गेले. ती कडेला कोसळली आणि उठली नाही. सकाळी मी पोचले तेव्हा संपली होती.

तपासणीसाठी नमुना घेऊन पुण्याला पाठवायची व्यवस्था केली. नंतर तिथून आलं ते आम्हाला ठाऊक होतं तेच आलं. खड्ड्यासाठी चाचींकडे जागा नव्हती. घरामागचा गोठा तेवढाच. आबांनी विचारायची वाट बघितली नाही. आपल्या रानाच्या कडेला, विहिरीपासून लांब, जेसीबीनं खोल खड्डा काढून घेतला. मीठ आणि चुना मी आणला होता. माणसं जमली, पण लांब लांब उभी राहिली. तसं उभं राहायला मीच सांगितलं होतं. गल्लीतल्या एका बाईनं हळदीकुंकवाची कोयरी आणली होती. आदल्या दिवशी आमच्या तोंडावर दार लावणारी तीच.

"लांबनं टाकलं तर चालंल का हो?" तिनं मला विचारलं.

मी हो म्हणाले. तिनं चिमूट उधळली, वाऱ्यानं थोडी खड्ड्यात पडली, थोडी बाहेर. मग ती चाचींजवळ जाऊन उभी राहिली. चाचींचे ओठ हलत होते, काय म्हणत होत्या ते ऐकू आलं नाही. जेसीबीनं माती लोटली. आबा सगळं संपेपर्यंत फेटा हातात घेऊन उभे होते.

पुढचे महिने चाचींना सोपे गेले नाहीत. लसीच्या ठरलेल्या तारखांना त्या आणि आबा एकत्र जायचे, कधी माझ्या गाडीतून, कधी एसटीनं. दवाखान्याच्या बाकावर दोघं शेजारी बसायचे. हाताची जखम भरली, पण रात्री झोप लागत नाही असं चाची सांगायच्या. पाणी पिताना घोट अडकल्यासारखा वाटला की जीव दडपायचा. मी त्यांना समजावायची की वेळेवर लस झाली आहे, भीती नाही. त्या मान डोलवायच्या आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच विचारायच्या. गल्लीतल्या कुणालाही काही झालं नाही. कालवडीलाही नाही. तिला आधी शेजारच्या गाईचं दूध बाटलीनं पाजलं, नंतर ती चारा खायला लागली. कुणी कुणी म्हणालं, देऊन टाका, घरात ठेवू नका. चाचींनी ठेवली.

ह्याला आता काही वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात, दवाखाना बंद करायच्या बेतात होते तेव्हा चाचींचा फोन आला. मागं माणसांचा गलका ऐकू येत होता.

"मॅडम, वस्तीवरच्या म्हशीला कुत्रं चावलंय. मागच्या पायाला. कुत्रं नीट दिसत न्हवतं, झोकांडं खात व्हतं. आमी म्हशीला नळाखाली धरलंय, साबण लावून धुतोय. कुणालाबी उघड्या हातानं धरू दिलं न्हाय. लस घिऊन या."

मी पोचले तेव्हा अंधारायला लागलं होतं. चार-पाच जण म्हशीभोवती होते. पायाला पाण्याची धार चालू होती. हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधून चाची खाली उकिडव्या बसून जखम धूत होत्या आणि कासरा आबांनी धरला होता. आबांचं वय झालं होतं, पण त्यांनी कासरा दुसऱ्या कुणाकडे दिला नव्हता.

मी म्हशीला पहिली लस दिली. पुढच्या लसीही देऊन झाल्या. मी महिनोन् महिने तिला जाऊन बघत होते. म्हैस जगली.